सीटच्या पोटातले पाणी : एका पावसाळ्याच्या नोंदी

१७ जून

काल शाळेचा पहिला दिवस होता आणि मधल्या सुट्टीनंतर वीसेक मिनिटे मृगाचा चांगला पाऊस झाला. माझी स्कूटर नेहमीप्रमाणे मैदानातल्या कडुनिंबाखाली उभी होती. सायंकाळी मी सीट नीट पुसली, घरी आले आणि रात्रभर स्कूटर ओट्याशेजारच्या पत्र्याखाली ठेवली. आज सकाळी निघताना हात फिरवून पाहिला तेव्हा रेक्झिन अगदी कोरडे होते. तरीही अमळनेरहून पारोळ्याच्या बाजूला असलेल्या आमच्या शाळेपर्यंतचे १४ किलोमीटर संपेपर्यंत माझी साडी मागून ओली झाली होती. मला ते कळलेच नव्हते. नववीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढत असताना एक मुलगी उठून जवळ आली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, साडी मागून ओली झालीये." तिने ते ज्या काळजीने सांगितले, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे, परंतु वर्गापुढे दिवसभर उभे राहणाऱ्या बाईला हा प्रकार किती अवघड होतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

रात्री पाऊस नव्हता, स्कूटर छपराखाली होती आणि वरचा पृष्ठभाग कोरडा होता. मग पाणी आले कुठून, हा प्रश्न मी आजपासून नोंदवहीत घेत आहे. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे अंदाजावर न थांबता मोजून पाहायचे ठरवले आहे.

१८ जून

सकाळी सीट पुन्हा कोरड्या फडक्याने पुसली, तिच्यावर वर्तमानपत्राचा दुहेरी कागद ठेवला आणि दोन्ही तळहातांनी जोर देऊन दाबले. कागद उचलला तेव्हा त्यावर एक सरळ ओली रेघ उमटलेली होती. ती रेघ बरोबर शिलाईवर होती. दुसऱ्यांदा कागद न ठेवता नुसते दाबले आणि डोळे जवळ नेऊन पाहिले. दोऱ्याच्या प्रत्येक टाक्यापाशी मोहरीएवढा थेंब वर येत होता आणि हात उचलला की तो थेंब टाक्यातच परत ओढला जात होता. दोन-तीनदा दाबल्यावर थेंब एकमेकांना मिळून शिलाईच्या कडेने वाहू लागले.

म्हणजे पाणी सीटवर नव्हते, सीटच्या पोटात होते. गेली दोन वर्षे मी वरचे रेक्झिन पुसत आले आणि पाणी आत राहत आले.

२१ जून

या आठवड्यात ज्याने त्याने सुचवलेले उपाय एकेक करून पाहिले. पहिला म्हणजे जाड प्लास्टिकची पिशवी सीटवर चढवणे. पातळ कॅरीबॅगवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि वाऱ्याने ती तशीही टिकत नाही, म्हणून खताच्या गोणीच्या आतले जाड प्लास्टिक घेतले. दिवसभर पाऊस आला तरी वरून पाणी गेले नाही. पण सायंकाळी ऊन पडून गेल्यावर पिशवी काढली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला बारीक थेंबांचा थर होता आणि रेक्झिनही दमट होते. आत अडकलेले पाणी उन्हाने तापून वाफ होऊन शिलाईतून बाहेर आले आणि प्लास्टिकला लागून पुन्हा पाणी झाले. ज्या सीटच्या पोटात आधीच पाणी आहे तिला घट्ट झाकले तर ती वाळण्याची उरलीसुरली वाटही आपण बंद करतो.

दुसरा उपाय जाळीच्या कव्हरचा. माझ्या सहकारी शिक्षिकेने तिच्या गाडीचे जाड जाळीदार कव्हर दोन दिवस वापरायला दिले. त्यात शरीर आणि रेक्झिन यांच्यात काही मिलिमीटर अंतर राहते, त्यामुळे उन्हाळ्यात त्याचा फायदा निश्चित होतो. पावसात मात्र जाळीच्या प्रत्येक भोकात थेंब अडकून राहतो, तो पुसता येत नाही आणि सुती साडी तो लगेच शोषून घेते. सलवार किंवा पॅन्टच्या जाड कापडाला कदाचित कमी त्रास होत असेल. माझ्यासाठी हा उपाय निकामी ठरला.

आज रात्रीपासून आर्द्रा लागत आहे. उद्या रविवार आहे, तेव्हा सीटच खोलून काढणार आहे.

२२ जून

सीट काढणे वाटले त्याहून सोपे निघाले. डिक्की उघडली की पुढच्या बाजूला बिजागरी दिसते. तिथले दोन नट १० नंबरच्या पान्याने सोडले की सीट हातात येते. उचलताच जाणवले की ती जड आहे. मुलाच्या प्रवासी बॅगा तोलण्याचा लटकता डिजिटल काटा घरात होता. सीटला खालून सुतळीचा फास घालून तीनदा वजन केले आणि तीनही वेळा ३ किलो ९४० ग्रॅम आले. काटा १० ग्रॅमच्या पटीत आकडा दाखवतो, तेवढी चूक मी गृहीत धरते.

यातले पाणी किती, हे सीट पूर्ण वाळल्याशिवाय सांगता येणार नाही. परंतु वरून किती पाणी पडते याचा हिशेब आजच मांडता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. माझी सीट ७५ सेंटिमीटर लांब आणि सरासरी २८ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे तिचे क्षेत्रफळ ०.२१ चौरस मीटर भरते. २० मिलिमीटरचा एक पाऊस तिच्यावर चार लिटरहून थोडे अधिक पाणी ओततो. बहुतेक पाणी ओघळून जाते हे खरे, पण बसण्याच्या जागी जो खळगा असतो त्यात काही थांबते, आणि ते थांबलेले पाणी नेमके शिलाईवर थांबते.

खालची बाजूही पाहून घेतली. तळाला काळ्या प्लास्टिकचे कडक पात्र आहे, त्यावर फोम आहे आणि रेक्झिन कडेने ओढून खालून पिना मारून बसवलेले आहे. पिनांना गंज चढला आहे. पात्राला दोन लहान भोके आहेत. त्यांतल्या एकातून बोट लावताच पाण्याचा थेंब आला. गेल्या वर्षी डिक्कीत ठेवलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दमट झाले होते आणि मी डिक्कीच्या रबराला दोष दिला होता. पाणी वरून, याच भोकांतून येत होते.

सीट न्हाणीघरात भिंतीला टेकवून शेपटीच्या टोकावर उभी केली आहे, म्हणजे आतले पाणी सर्वांत खालच्या टोकाला जमेल.

२३ जून

सकाळचे वजन ३ किलो ५६०. एका रात्रीत ३८० ग्रॅम पाणी नुसते उभे केल्याने निथळून गेले. फरशीवर पिवळसर पाण्याचा ओघळ होता आणि त्याला कुबट वास येत होता. सासूबाईंनी तो वास ओळखीचा असल्याचे सांगितले. पावसाळ्यात गादीला येतो तोच.

२८ जून

आठवडाभर मी सहकारी शिक्षिकेच्या मागे बसून किंवा एसटीने शाळेत गेले आणि सीट घरातच वाळत ठेवली. २४ तारखेला ३ किलो ४३०, २६ ला ३ किलो ३१०, आज ३ किलो २४०. घट होत आहे, पण दर दिवशी कमी कमी होत चालली आहे. कारण समजण्यासारखे आहे. निथळण्याजोगे पाणी पहिल्या दोन दिवसांतच गेले. उरलेले फोमच्या बारीक पोकळ्यांत धरलेले आहे आणि ते वाफ होऊनच जाऊ शकते. रेक्झिनवर पीव्हीसीचा थर असतो, त्यातून वाफ जात नाही. मग वाट उरते ती शिलाईची भोके आणि तळाची दोन भोके एवढीच, आणि त्यात बाहेरची हवाच आर्द्रेच्या झडीने दमट झालेली. पोत्यात भरून तोंड शिवलेले धान्य वाळवण्याचाच हा प्रकार झाला.

उन्हात ठेवावे असे सर्व सांगतात. ऊन असेल तर मीही रेक्झिनसकट तासभर ठेवते. पण उघडा फोम उन्हात टाकू नये. पॉलियुरेथेनचा फोम उन्हाने पिवळा पडतो आणि पुढे हाताला त्याची भुकटी लागू लागते.

म्हणून आज स्क्रू ड्रायव्हर आणि पकडीने मागच्या अर्ध्या भागाच्या पिना उपसल्या, रेक्झिन वर दुमडले आणि समोर टेबलफॅन लावला. पिना काढताना गंजलेल्या दोन पिनांपाशी रेक्झिन फाटलेले सापडले. पाण्याची ती तिसरी वाट.

५ जुलै

३ जुलैला वजन २ किलो ९८० झाले. काल तेवढेच, आज तेवढेच. सलग तीन दिवस आकडा हलला नाही, तेव्हा हेच कोरड्या सीटचे वजन मानते. ३ किलो ९४० मधून ते वजा केले तर ९६० ग्रॅम राहतात. जवळजवळ एक लिटर पाणी मी रोज मांडीखाली घेऊन १४ किलोमीटर जात होते आणि येत होते. हा आकडा नोंदवहीत लिहिला तेव्हा मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

७ जुलै

शाळा सुटल्यावर सीट घेऊन बाजारात सीट शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी दाबून पाहिले, शिलाईवर अंगठा फिरवला आणि मी काही सांगण्याआधीच अहिराणीत म्हणाले, "ताई, पानी वरथीन नही जास, शिलाईमझारथीन जास." म्हणजे पाणी वरून नाही, शिलाईतून जाते. तीन आठवडे मोजमाप करून मी जिथे पोहोचले ते त्यांना अंगठ्याने कळले होते. मला त्याचा आनंद झाला, कारण दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले.

त्यांनी जुने रेक्झिन पूर्ण काढून माझ्या हातात दिले. मी ते दुकानातल्या बल्बसमोर धरले. रेक्झिन अपारदर्शक आहे, पण शिलाईच्या जागी उजेडाच्या ठिपक्यांची रांग लागली होती, आणि जिथे दोरा कुजून गेला होता तिथे ठिपके मोठे होते. पट्टी लावून १० सेंटिमीटरमध्ये २८ भोके मोजली. बसण्याच्या भागात लांबीच्या दोन आणि आडव्या दोन अशा शिलाया मिळून सुमारे १९६ सेंटिमीटर भरतात, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास भोके. शिवाय खळग्याभोवती केसासारख्या भेगा होत्या. काका म्हणाले की या भेगा पावसाळ्याच्या नसून उन्हाळ्याच्या आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, काळी सीट त्याहून कितीतरी तापते, रेक्झिनला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू निघून जाते आणि ते कडक होऊन चिरते. खानदेशातली सीट मे महिन्यात फाटते आणि जूनमध्ये गळते, एवढे मी त्यांच्याकडून शिकले.

पुढे काय करायचे यावर आमचे बराच वेळ बोलणे झाले. शिलाईवर वरून चिकटद्रव्य लावावे असे मी सुचवले होते. त्यांचे म्हणणे पडले की माणूस बसला की शिलाई ताणली जाते, उठला की आकसते, आणि कडक होणारे कोणतेही चिकटद्रव्य महिन्याभरात तडकते. त्यांची पद्धत अशी की फोमवर आधी प्लास्टिकचा अखंड कागद पसरायचा आणि त्यावर रेक्झिन ओढायचे. शिलाईतून पाणी आले तरी ते कागदावर थांबते आणि कडेने ओघळते. मी चोपड्याच्या भावाकडून मिरचीच्या वाफ्यांवर अंथरायचा, उरलेला ३० मायक्रॉनचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर नेला होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून ताणला, तो लगेच पांढरा पडून फाटला, आणि त्यांनी तो मला शांतपणे परत दिला. रेक्झिन जोराने ओढून पिना माराव्या लागतात, तिथे एवढा पातळ कागद टिकत नाही. त्यांच्याकडचा कागद जाड आणि मऊ होता, तोच घेतला.

माझ्या दोन अटी त्यांनी मान्य केल्या. पहिली, बसण्याच्या जागी एकही शिलाई नको. वरचा तुकडा अखंड ठेवून जोड दोन्ही बाजूंना खाली घ्यावा. त्याने सीटवरची नक्षी जाते, पण मला नक्षीचे काही काम नाही. दुसरी, प्लास्टिकचा कागद वरून आणि बाजूंनी असावा, मात्र खालच्या कडेपर्यंत न आणता तीन बोटे आधी थांबवावा आणि तळाची दोन्ही भोके मोकळी ठेवावीत. कितीही केले तरी थोडी दमट हवा आत जाणार, आणि ती बाहेर पडायला वाट हवी. काळ्याऐवजी राखाडी रेक्झिन निवडले, म्हणजे पुढच्या मे महिन्यात तापणे थोडे कमी होईल. रेक्झिन आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये झाले. घरी येऊन वजन केले : ३ किलो ५० ग्रॅम. आता हेच मूळ वजन.

२३ जुलै

पुष्याचा म्हातारा पाऊस तीन दिवसांपासून भुरभुरत आहे. जोराचा पाऊस ओघळून जातो. ही भुरभुर मात्र खळग्यात बसून राहते आणि सीटची खरी परीक्षा तीच घेते. तीन दिवस शाळेत सीट मुद्दाम उघडी ठेवली. आज वजन ३ किलो ६० ग्रॅम आले. १० ग्रॅमची वाढ ही काट्याच्या चुकीच्या आतली आहे. वर्तमानपत्राचा दाब दिल्यावर कागद कोरडाच राहिला.

आत पाणी जाणे थांबले, पण वर पाणी थांबणे थांबलेले नाही. खळग्यातले पाणी प्रयोगशाळेतल्या मोठ्या पिचकारीने ओढून मोजपात्रात घातले, ते ६० मिलिलिटर भरले. गाडी मेन स्टँडवर असताना एवढे. साइड स्टँडवर डावीकडे कललेली असताना २५ मिलिलिटरच राहिले. तेव्हापासून मी शाळेत गाडी साइड स्टँडवरच लावते. स्टँडखाली मात्र फरशीचा तुकडा ठेवावा लागतो, कारण आमच्या मैदानातली काळी माती भिजली की स्टँड आत रुतते आणि गाडी आडवी होते.

पुसण्याबद्दलही नोंद करते. आधी तळहाताची कड वापरून पाणी लोटून द्यावे आणि मगच फडके घ्यावे, नाही तर फडके पहिल्याच पुसण्यात भिजते आणि नंतर फक्त पाणी पसरवते. फडके जुन्या सुती लुगड्याचे उत्तम. नव्या कापडाला खळ असते, ते पाणी पटकन घेत नाही. अनेक धुण्यांतून गेलेले लुगडे लगेच घेते. सासूबाईंच्या एका लुगड्याचे चार तुकडे केले आहेत, दोन डिक्कीत आणि दोन दोरीवर.

२९ जुलै

आठवीच्या वर्गात आज एक छोटा प्रयोग करून दाखवला, कारण १८ जूनला टाक्यात परत ओढला जाणारा तो थेंब माझ्या मनातून गेला नव्हता. भांडी घासायचा स्पंज प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून चिकटपट्टीने बंद केला आणि वरच्या बाजूला टाचणीने दहा भोके पाडली. तो पाण्याने भरलेल्या घमेल्यात बुडवून नुसता धरून ठेवला, तेव्हा पाच मिनिटांत आत फारसे पाणी गेले नाही. नंतर पाण्याखालीच दाबला आणि सोडला. दाबताना भोकांतून बुडबुडे निघाले, सोडताना बुडबुड्यांची जागा पाण्याने घेतली. दहा वेळा दाबून सोडल्यावर स्पंज हाताला स्पष्ट जड लागला. मुलांनी तो एकमेकांकडे देऊन पाहिला.

ओल्या सीटवर न पुसता बसणे म्हणजे हेच. आपण बसतो तेव्हा आतली हवा बाहेर जाते, उठतो तेव्हा फोम फुगतो आणि शिलाईवर साचलेले पाणी आत ओढतो. नुसत्या पावसाने जेवढे पाणी आत जाते त्यापेक्षा पावसात चढ-उतर केल्याने अधिक जाते, अशी माझी आता खात्री झाली आहे. ज्यांना सीट नव्याने शिवून घेणे शक्य नाही, त्यांनी निदान बसण्याआधी, आणि पावसात मध्येच उतरून पुन्हा चढण्याआधीही, पुसावे. सायकलवर येणाऱ्या मुलींच्या हे लगेच ध्यानात आले, कारण त्यांच्या सायकलींच्या सीटही फाटलेल्या आहेत.

४ ऑगस्ट

काल रविवारी घरी कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण, होता. रोटांच्या प्रसादासाठी सगळे भाऊबंद जमले, ओट्यावर आणि पत्र्याखाली माणसे आणि भांडी होती, त्यामुळे सर्व गाड्या गल्लीत उघड्यावर लावाव्या लागल्या. रात्री जागरण चालू असताना पाऊस आला तो पहाटेपर्यंत राहिला. सकाळी कानबाईच्या विसर्जनाला निघताना दिरांच्या मुलीने घाईत माझी स्कूटर न पुसता नेली आणि दोन-तीनदा चढ-उतर करून परत आणली. ठरवूनही याहून कठीण परीक्षा मला घेता आली नसती.

पाहुणे गेल्यावर सायंकाळी सीट काढून तोलली. ३ किलो ९० ग्रॅम. मूळ वजनापेक्षा ४० ग्रॅम जास्त. जुन्या सीटच्या मानाने हे काहीच नाही, पण काट्याच्या चुकीत बसणारेही नाही. कुठून तरी पाणी आत गेले आहे.

५ ऑगस्ट

वाट सापडली. मागे बसणाऱ्याने धरायचा जो आडवा पट्टा सीटवर असतो, त्याची दोन्ही टोके बाजूने स्क्रूने आवळलेली आहेत. तो स्क्रू रेक्झिन आणि प्लास्टिकचा कागद दोन्ही भेदून तळाच्या पात्रात जातो. डाव्या स्क्रूभोवती दाबलेला वर्तमानपत्राचा कागद ओला झाला. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि सीटवरचे पाणी नेमके त्या स्क्रूवरून उतरते. म्हणजे २३ जुलैला ज्या सवयीचा मला फायदा दिसला, तिनेच ही वाट भिजवली. नळाच्या तोटीत घालतात तशा रबरी चकत्या दोन्ही स्क्रूंखाली बसवल्या आणि पुन्हा आवळले.

१० ऑगस्ट

आता वरच्या पाण्याचे पाहायचे होते. चोपड्याहून भाऊ येताना केळीच्या घडावर घालायच्या स्कर्टिंग बॅगा घेऊन आला. त्या न विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनच्या असतात, हलक्या असतात, हवा जाऊ देतात, आणि रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात त्या मुबलक मिळतात, म्हणून मला त्यांच्याकडून आशा होती. वरून पेलाभर पाणी ओतले तेव्हा ते मण्यांसारखे घरंगळले. पण खळग्यात थांबलेल्या पाण्यावर बोटाने किंचित दाब देताच ते आरपार गेले. घडावरून पाणी उतरत जाते, थांबत नाही. सीटवर ते थांबते. उन्हापासून आणि निंबोळ्यांच्या डागांपासून ही बॅग चांगली राखते, तेवढ्यासाठी ती डिक्कीत ठेवली आहे.

मग सीटच्या खोळीसाठी जुन्या फाटक्या रेनकोटच्या पाठीचा तुकडा घेतला. तो सीटपेक्षा चारही बाजूंनी एक वीत मोठा कापला, फक्त मागच्या अर्ध्या कडेला इलॅस्टिक घातले आणि पुढची बाजू मोकळी सोडून दोन नाड्या लावल्या. मोकळ्या बाजूने हवा खेळते. खळग्यावर पाणी साचू नये म्हणून आतून प्लास्टिकचा रिकामा डबा पालथा ठेवला, त्याने कापडाला मधोमध उंचवटा येतो आणि पाणी दोन्हीकडे ओघळते. हा डबा माझ्या मुलाने सुचवला.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. मघाचा पाऊस येतो-जातो आहे आणि मध्ये कडक ऊन पडते, त्यामुळे खोळीची दोन्ही प्रकारे परीक्षा झाली. दोन आठवड्यांत सहा दिवस शाळेत पाऊस आला. सहाही वेळा खोळ काढली तेव्हा सीट कोरडी होती आणि आतल्या बाजूला थेंबांचा थर नव्हता. जून महिन्यात खताच्या प्लास्टिकखाली जे घडले ते इथे घडले नाही, याचे श्रेय मोकळ्या बाजूइतकेच आत पाणी नसण्याला आहे. काढलेली खोळ झटकून एका पिशवीत उलटी गुंडाळून ठेवावी, नाही तर तिचे पाणी डिक्कीतल्या वह्यांना लागते. रात्री पत्र्याखाली गाडी असताना खोळ घालत नाही. महिन्यातून एकदा सीट वर उचलून तळाला हवा लागू देते.

१४ सप्टेंबर

उत्तरा नक्षत्र लागले. सीट शेवटची काढून तोलली : ३ किलो ५० ग्रॅम, ७ जुलैला होते तेवढेच. रबरी चकत्यांनी काम केले. तळाची भोके कोरडी आहेत, नवीन पिनांना गंज नाही, वास नाही.

काल सहकारी शिक्षिकेने तिच्या स्कूटरची सीट माझ्याकडे आणून दिली. तिची गाडी सहा वर्षांची आहे आणि जाळीच्या कव्हराखाली बसण्याच्या जागी चार बोटे लांबीची चीर निघाली. आमच्या काट्यावर ती ४ किलो ३१० ग्रॅम भरली. आज सकाळपर्यंत न्हाणीघरात शेपटीवर उभी राहून ३ किलो ८२० वर आली आहे आणि अजून निथळते आहे. मंगळवारी दोघी मिळून काकांकडे जाणार आहोत. त्यांना आधीच निरोप दिला आहे की वरचा तुकडा अखंड ठेवावा आणि पट्ट्याच्या स्क्रूंसाठी चकत्या आम्ही सोबत आणू.